अक्ताऊ अजून किती लांब?

"अजून किती लांब गं, वहिनी?" कलामकासनं पुन्हा विचारलं.

"अल्माटी ते अक्ताऊ दोन हजार किलोमीटर. तीन तास," शोल्पान म्हणाली. "विमान आहे, उंट नाही. टाच मारली म्हणून लवकर पोचत नाही."

"मघाशीही तीनच म्हणालीस!"

"मघाशी आपण जमिनीवर होतो, बाई!"

शोल्पानला नुसता वैताग आला होता. नणंदेकडे चार दिवस राहायला म्हणून ती अल्माटीला आली, तर सकाळीच चुलतसासऱ्यांचा फोन. "आईला बरं नाही. कलामकासला घेऊन लगेच ये. जपून या."

'बरं नाही, लगेच ये' म्हणजे काय, हे कझाकांचं शेंबडं पोरही जाणतं. मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही, वाटेत तर नाहीच. माणूस घरी पोचलं की वडीलधारी सांगतात. सासूबाई गेल्या होत्या, आणि त्यांच्या लाडक्या लेकीला घरापर्यंत धड न्यायचं काम शोल्पानच्या गळ्यात पडलं होतं.

"तुला बघायला पाहुणे येताहेत," असं तिनं ठोकून दिलं. पोरीनं हू की चू न करता पिशवी भरली. एरवी लग्नाचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायची!

आता मात्र तोंडाला खळ नव्हती. रेल्वेनं किती दिवस लागले असते? खाली दिसतंय ते वाळवंट का? वारा उलटा असला तर उशीर होतो का?

"मला काय विचारतेस? मी काय वैमानिक आहे?"

"बरं, मग बाउरसाक खा." कलामकासनं तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा डबा पुढे केला.

"किती खाऊ? पाहुणे तुला बघायला येणार आहेत, मला नाही."

"खा गं. घरी पोचल्यावर कोण विचारतंय!"

सगळ्यात जास्त राग येत होता तो नवऱ्याचा. आई गेली, तरी येर्मेकनं बायकोला एक फोन करू नये? निस्तरायला बायको आहेच! विमानतळावरून तिनं दोनदा फोन लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात कलामकासनं 'गेम खेळते' म्हणून फोन काढून घेतला. परत दिलाच नाही.

अक्ताऊला उतरल्यावर टॅक्सीतही तेच. "अजून किती लांब?"

"आलं! दिसत नाही का?"

फाटकाशी घरचे पुरुष कमरेला शेला बांधून, काठ्यांवर रेलून, मयताच्या घरी उभे राहतात तसे उभे होते. शोल्पानचा राग क्षणात विरला. बिचारी पोर, हिला आता कळणार. तिनं नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. "जा, राणी. तू पुढे हो."

कलामकास हलली नाही. तिनं वहिनीचा हात घट्ट धरला.

आतून रडण्याचा आवाज आला. दार उघडलं, आणि दोन बायकांच्या आधारानं सासूबाई बाहेर आल्या. लेकीच्या अंगावरून तशाच पुढे गेल्या आणि शोल्पानच्या गळ्यात पडल्या.