एका अंघोळीचं अंतर

“आसाम म्हणजे देशांतर. एक अंघोळ पुरते,” तात्या म्हणाले आणि तार घडी करून कोनाड्यात ठेवली.

तार धाकट्या भावाच्या मरणाची होती. राघवेंद्र आसामात, डोंगरातल्या एका विमानतळावर नोकरीला होता. बायको वारल्यावर, रझाकारांच्या धामधुमीत, तो तुळजापूर सोडून गेला आणि तिकडचाच झाला. भाऊ गेला की दहा दिवसांचं सुतक. आणि घरच्या लेकीचं, चारुशीलाचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. मुरुम गावची, नवऱ्या मुलाकडची मंडळी मुळातच तिरसट. हा मुहूर्त टळला तर स्थळ गेलंच. तात्यांनी पोथी काढली. परमुलुखात, नद्यांपलीकडं मेलेल्या भाऊबंदासाठी नुसती अंघोळ चालते, असा आधार त्यांना मिळाला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आधार मात्र सापडतो.

“पण भावजी पहाटे तिथून उडाले अन् रात्री आपल्यात जेवायला होते की,” लक्ष्मीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “नऊ तासांत सोलापूर. त्याला देशांतर कसं म्हणावं?”

“शास्त्र नद्या मोजतं. विमान मोजत नाही.”

राघवेंद्र आला होता खरा, मागच्या मार्गशीर्षात. मालाच्या विमानात पोत्यांवर बसून सोलापूरच्या माळावर उतरला, तिथून एसटीनं घरी. चारुशीला वाढत होती तोवर जेवत राहिला. सकाळी तेच विमान परत जाणार, म्हणून अंधारातच उठून गेला.

घरात सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. तात्यांना त्या अंघोळीनं बरं काही वाटलं नाही. कानात विमानाची घरघर बसली. अंगणात जाऊन त्यांनी दोनदा वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. माजघरात चारुशीला मान कलती करून तांदूळ निवडत होती. राघवेंद्र अशीच मान करायचा. तात्या भ्याले. मेलेल्याला आपण फसवतोय, असं त्यांना वाटलं, आणि तरी त्यांनी हळद भिजवायला सांगितली.

लक्ष्मीबाई वाटी घेऊन आल्या तशी चारुशीला मागं सरली.

“मला लावू नका.”

“अगं, अंघोळ झाली. सुतक फिटलं,” तात्या म्हणाले.

“पुतणीला अंघोळ पुरते, तात्या. लेकीला, बाप कुठंही गेला तरी, दहा दिवस असतात.”

लक्ष्मीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. दोन वर्षांची पोर तात्यांनी भावाच्या हातून घेतली होती. घरानं तिला कधी सांगितलं नव्हतं. गल्लीनंही आजवर जीभ आवरली होती.

“कुणी सांगितलं तुला?” तात्यांनी विचारलं.

“कुणीच नाही. नऊ तास उडून, एका रात्रीसाठी, पुतणीच्या हातचं जेवायला कोण येतं?”

“मुरुमची मंडळी थांबायची नाहीत.”

“नाही थांबली तर नाही.”

तात्यांना रडू आलं. स्थळाचं त्यांना आता काहीच वाटत नव्हतं. ही आपली राहिली नाही, एवढंच त्यांना कळत होतं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“सासरी गेलेल्या लेकीनं बापाचं सुतक तीनच दिवस धरायचं, असं तुमची पोथी सांगते ना?” चारुशीला मागून म्हणाली. “तुमच्या वेळी मी दहा धरीन.”