लिंबाएवढा खेकडा

खोल समुद्रातून वर काढलेला तो खेकडा फरीदाबादच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा लिंबाएवढा होता आणि केव्हाच मेलेला होता. त्याची जात याआधी कुणी पाहिलेलीच नव्हती. तिचं वर्णन लिहायचं काम उत्तराकडे आलं. शुक्रवारी तिने त्याला स्पिरिटच्या बरणीत घातलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घर गाठलं.

सोमवारी बरणीत मुठीएवढा खेकडा होता. शेजारी लिंबाएवढं रिकामं कवच तरंगत होतं.

“दोन नमुने होते असं लिहून टाक ना यार,” प्रयोगशाळेचे प्रमुख राजीव सर म्हणाले. “मेलेला खेकडा कधी कात टाकतो का?”

“एकच होता, सर.”

“अच्छा, मग दुसरा कुणीतरी आणून टाकला असेल.”

उत्तराच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बरणी त्यांच्या नाकासमोर धरली. “कसा टाकेल? एवढ्याशा तोंडातून हा आत तरी जाईल का?”

सरांनी बरणीचं अरुंद तोंड पाहिलं, मग खेकडा पाहिला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “फेकून दे तो. बिल्कुल ठेवायचा नाही.”

“मी जे दिसतं तेच लिहिणार,” ती म्हणाली. बरणी पुन्हा कपाटात गेली आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खोलीच्या दारातच थिजून उभे होते. लोखंडी कपाटाची दोन्ही दारं आतून बाहेर फुगली होती. कुलूप शाबूत होतं.

“उत्तरा, चलो, गार्डला बोलावू.”

आत पत्र्याला घासत काहीतरी सावकाश वळलं.

उत्तराने पर्समधून किल्ली काढली.

“एकच आहे, सर,” ती म्हणाली. “मोजून घेते.”