कोरी चाचणी

काचेच्या भांड्यात पिवळं पाणी गरगर फिरत होतं. आज त्यात लोखंडाची पूड घातलेली नव्हती. ही कोरी चाचणी. ज्याच्यामुळे काम होतं असं आपण म्हणतो, तेच काढून घ्यायचं आणि काम थांबतं का ते बघायचं.

दहाव्या मिनिटाला पाणी नितळ झालं.

"मॅडम, मी काही घातलं नाही हो. शप्पथ!" विद्यार्थिनी म्हणाली.

मॅडमनी ढवळणं बंद केलं. पाण्यातला रंग घालवणाऱ्या महागड्या पॅलॅडियम धातूचं काम साध्या लोखंडानं करावं म्हणून चार वर्षं त्या संगणकावर एकेक अणू मांडत आल्या होत्या. गणित सुटलं, पूड तयार झाली, आणि गेल्या आठवड्यात पिवळं पाणी पहिल्यांदा नितळ झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी इस्पितळात जाऊन वडिलांना सांगितलं होतं. नाकातली नळी सावरत वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "कोरी चाचणी?"

"करते," त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी चिमट्यानं भांड्यातली ढवळायची कांडी उचलली. बोटाच्या पेराएवढी, आत लोहचुंबक, वरून पांढरं कवच. वडिलांची कांडी. तीस वर्षं ह्याच टेबलावर ते तिनं पॅलॅडियम ढवळत आले होते. निवृत्त होताना लेकीच्या हातात देऊन गेले.

भिंगाखाली कवचावर ओरखडे दिसले. ओरखड्यांत काळे ठिपके, अडकून राहिलेलं पॅलॅडियम.

"नवी कांडी घे," मॅडम म्हणाल्या. "ताजं पिवळं पाणी घे. आता आपली पूड घाल."

पूड पडली. कांडी फिरू लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाणी पिवळंच. तेवढ्यात फोन वाजला.

"काय लोखंडवाल्या बाई?" वडिलांना धाप लागली होती. "इथल्या सगळ्या नर्सना सांगून झालंय. म्हटलं, माझी पोरगी माझ्या पॅलॅडियमला घरी बसवणार."

"बाबा, दम लागतोय तुम्हाला. बोलू नका."

"सकाळी डॉक्टर तोंड पाडून गेला. मला काही नाही त्याचं. तू सांग, झाली कोरी चाचणी?"

"झाली."

"मग?"

मॅडमनी समोरच्या भांड्याकडे पाहिलं. लोखंडाची पूड तळाशी गोल गोल फिरत होती.

"पिवळं ते पिवळंच राहिलं, बाबा."



"शाब्बास," वडील म्हणाले. "सुटलो बघ." मग धाप टाकत, "आणि माझी कांडी गं? टाकून नाही ना दिलीस?"

चिमटा अजून मॅडमच्या हातातच होता.

"नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "अजून काम करते ती."