पहिल्या पानावरचा खुनी

घेवरचंद ग्रंथपाल रहस्यकथा घरी आणून जेवतानाही वाचत. पण हल्ली धुळ्याच्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक उघडावं, तर पहिल्याच पानावर जांभळ्या पेन्सिलीने खुन्याचं नाव! अक्षर पकडायला त्यांनी निबंधस्पर्धाच लावली: दोन गाजलेल्या रहस्यकथांची तुलना. संशय होता रोज रहस्यकथा नेणाऱ्या अन्वर टेलरवर; त्याला पुस्तकं देणंही बंद केलं. पण त्याचंच काय, कुणाचंच अक्षर जुळेना. जेवताना शेवटची, बिननावाची वही उघडली आणि घास हातातच राहिला. तीच पेन्सिल, तेच अक्षर! त्यात लिहिलेलं: “दोन्ही कथांतला हेर गाव पालथं घालतो, घरातल्या माणसाकडे बघत नाही.” समोर बायको भाकरी वाढत होती. “तुला लिहिता येतं?” “जळगावला सातवीपर्यंत शिकलेय. बावीस वर्षांत विचारलंत कधी?” “पुस्तकं का नासवलीस?” “खुनी कळला की पुस्तक मिटाल, माझ्याशी बोलाल, म्हटलं.” घेवरचंदांनी वही मिटली, पण बोलायला काही सुचेना.