सहाशे अंशांची भट्टी

प्रयोगशाळेतल्या रात्रभरात निवलेल्या भट्टीचं दार तनुजानं उघडलं, तर वाटीत पावडरीऐवजी लिंबाएवढा पांढरा दगड! तिनं भट्टीवर लावलेला आकडा पाहिला. सहाशे अंशांवर लावलेली भट्टी कुणीतरी चौदाशेवर नेली होती.

ह्या पावडरीपायी वर्षभर तिची द्रावणं हॉटप्लेटवर भडकली होती, दोनदा तिच्या भुवया जळाल्या होत्या. आत्ता कुठं पिठाहून हजारपट बारीक कण जमले होते. सहाशेवर ते सुटे राहतात. त्याच्या फार पुढं तापवलं, की एकमेकांना असे चिकटून बसतात की देव आला तरी सुटत नाहीत.

"मीच वाढवलं," तिचा सीनियर हर्षल मागून म्हणाला. "माझ्या सिरॅमिकच्या वड्याही आत ठेवल्या होत्या, त्यांना चौदाशेच लागतं. तुझी 'हात लावू नये'ची चिठ्ठी पाहिली गं. पण राखच ती! उलट पक्की झाली की नाही?" आणि तो खो खो हसला.

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटीतला दगड उचलून तिनं सगळ्या ताकदीनं त्याच्या तोंडावर भिरकावला. कपाळ फुटलं, दगडाचा टवकाही उडाला नाही. हर्षल बरण्यांसकट खाली कोसळला. ती त्याच्या छाताडावर बसली आणि तोच दगड उचलून पुन्हा हाणणार, इतक्यात गाईड सरांनी धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"अगं, जीव घेशील त्याचा! कशानं मारलंस?"

"पावडरीनं, सर," ती धापा टाकत म्हणाली. "सहाशेवर राहू दिली असती, तर फार तर शिंकला असता."