फॉर्ममागे तीस रुपये

कापसाचा भाव कोसळला आणि घाटंजीच्या घरून येणारे मेसचे पैसे थांबले. यवतमाळला एमएस्सी करणाऱ्या मंजुषावर शिक्षण सोडून घरी परतायची वेळ आली. तेवढ्यात, कापूस का परवडत नाही याचा अभ्यास करायला पुण्या-मुंबईचे विद्वान जीपगाड्या भरभरून आले. गावोगाव हिंडून त्यांचे फॉर्म भरून द्यायचं काम तिला मिळालं. एका फॉर्ममागे तीस रुपये. मेस, खोलीभाडं, परीक्षा फी, सगळं त्यातून आरामात निघू लागलं.

दिवाळीनंतर बाबांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "औंदाही भाव गेला वं माय. तुले पैसे कुठून पाठवू?"



"कायले टेन्शन घेता, बाबा? भाव असाच पडून राह्यला तं माही पीएचडीही होऊन जाते!"