जोराचं मिनिट

पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून त्याचे पाय हलत नव्हते, म्हणून व्यायाम हातांनी फिरवायच्या पेडलवर. एक मिनिट जीव खाऊन, मग दोन मिनिटं हळू, अशा सहा फेऱ्या.

"जोराच्या मिनिटात तोंडातून शब्द फुटता कामा नये," फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "फुटला तर मशीन हलकं पडतंय असं समजायचं."

बायकोने हे नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जोराचं मिनिट आलं की ती व्हीलचेअरशेजारी स्टूल ओढायची आणि सुरू व्हायची: पलंगावरचा ओला टॉवेल, तिला न विचारता बहिणीला देऊन टाकलेला मिक्सर, बावीस वर्षांपूर्वी त्याच्या आळसामुळे चुकलेली गाडी. तो नुसते डोळे वटारायचा. हळू मिनिटं आली की ही पाणी प्यायला पसार.

दोन महिन्यांनी, पाचव्या फेरीत, गरागरा पेडल फिरवता फिरवता तो ओरडला, "गाडी तुझ्या भावामुळे चुकली होती! मी तासभर आधी तयार होऊन बसलो होतो!"

ताईंनी टाळ्याच वाजवल्या. "अहो, केवढा दम वाढलाय यांचा!"

बायकोने हळूच डोळे टिपले. मग स्टूल आणखी जवळ ओढलं.

"ताई, मशीन जड करा."